पीकपेरा

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजा गावी एक निवृत्त तलाठी राहत. गाव त्यांना आबा म्हणे. त्यांची नात पुण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची आणि कापूस वेचणीच्या दिवसांत गावी येऊन घरूनच काम करायची. काट्यावर कापूस घालून आलेल्या शेतकऱ्याला आपली पावती आपल्याला वाचता यावी, एवढ्या इच्छेपोटी तिने मराठी पावती छापणारी एक छोटी लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला जोडून वापरता येईल असा तयार कोड. ती कुणालाही फुकट वापरता येत होती. पुण्यातल्या एकाने ती वापरायला घेतली, मग अकोल्याच्या एका मुलाने.

पहिल्या आवृत्तीत ती फक्त फ्रीटाइप या लायब्ररीवर उभी होती. फ्रीटाइप एकेका अक्षराचा आकार काढून देते, पण अक्षरं कुठल्या क्रमाने आणि कशी जुळवायची हे तिचं काम नाही. त्यामुळे ‘किलो’ची वेलांटी क च्या उजवीकडे पडे. संगणकाच्या साठ्यात ती व्यंजनानंतरच असते, कागदावर मात्र आधी यावी लागते. ‘क्विंटल’चे तर पार तुकडे होऊन जात, कारण तिथे वेलांटीला सबंध जोडाक्षर ओलांडून पुढे यायचं असतं. हे जुळवण्याचं काम हार्फबझ करते. मराठी मजकूर आज इतक्या पडद्यांवर नीट दिसतो त्यामागे या एका लायब्ररीचे कष्ट आहेत, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना तिचं नाव ठाऊक आहे याचं वाईट वाटतं.

नातीने हार्फबझ जोडली. तिची बिल्ड सिस्टिम, म्हणजे कोडची बांधणी करणारी व्यवस्था, मेसन होती; तिच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली, बांधणी झाली, ‘क्विंटल’ सुरेख छापलं गेलं. तिने नवी आवृत्ती सोडली.

दोन दिवसांनी अकोल्याच्या मुलाचा निरोप आला: तुमची लायब्ररी जोडलीच जात नाही. हार्फबझच्या नावाने लिंकर ओरडतोय, अमुक फंक्शन सापडत नाही म्हणतोय. पुण्याच्याची तक्रार निराळी होती. त्याला नवी आवृत्ती हवी होती, ती त्याने बसवलीही, तरी संगणक म्हणे की जुनीच आहे.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच लहानशा फाइलीत होतं. लायब्ररीसोबत एक .पीसी फाइल द्यायची पद्धत आहे. तिच्यात नाव, आवृत्ती, लायब्ररी कुठे ठेवली आहे आणि ती आणखी कुणाकुणावर अवलंबून आहे एवढं लिहिलेलं असतं. दुसऱ्याचा प्रोग्रॅम बांधला जाताना पीकेजी-कॉन्फिग नावाचं साधन ती वाचतं आणि कंपायलरला, लिंकरला काय काय लागेल ते सांगतं. २००० सालच्या सुमारास ग्नोमच्या मंडळींत हे साधन जन्माला आलं. त्याआधी एकेका लायब्ररीची आपापली निराळी स्क्रिप्ट असे आणि वापरणाऱ्याच्या डोक्याला ताप होई. नातीने ही फाइल पहिल्या आवृत्तीच्या वेळी हाताने लिहिली होती. त्यानंतर लायब्ररी बदलत गेली, फाइल तशीच राहिली.

तिच्या स्वतःच्या संगणकावर कधीच काही अडलं नाही, कारण तिथे लायब्ररी शेअर्ड रूपात होती आणि अशी लायब्ररी आपल्याला कोण लागतं ते स्वतःच्या पोटात नोंदवून ठेवते. अकोल्याच्या मुलाला मात्र जुन्या संगणकांवर नुसता उचलून ठेवता येईल असा एकसंध प्रोग्रॅम हवा होता. तो स्टॅटिक जोडणी करत होता. तिथे सगळ्यांची नावं .पीसी फाइलीतूनच यावी लागतात, आणि फाइलीत हार्फबझ नव्हतीच.

रात्री जेवताना तिने हे आबांना सांगितलं. आबांना त्यातलं निम्मं कळलं नसेल, पण नेमका प्रश्न त्यांनीच विचारला.

‘‘हे नोंद लिवली कोनं?’’

‘‘मीच, आबा.’’

‘‘वावरात उभं राहून का घरी बसून?’’

ती हसली. आबा हसले नाहीत.

त्यांनी नोकरीच्या सुरुवातीची एक गोष्ट सांगितली. एका सजात तलाठी चावडीत बसून गाव नमुना बारा लिहीत असे. मागच्या वर्षीचा पेरा समोर ठेवायचा आणि यंदाच्या रकान्यात उतरवायचा. कोतवालाने काही बदल सांगितला तर सांगितला. एका शेतकऱ्याने त्या वर्षी पऱ्हाटी मोडून हरभरा पेरला. कागदावर पऱ्हाटीच राहिली. गारपीट झाली, हरभरा आडवा झाला, आणि मदतीच्या यादीत त्या माणसाचं नाव आलं नाही. ‘‘तलाठी खोटं बोलला नवता, पोरी,’’ आबा म्हणाले. ‘‘त्यानं लिवलं ते आदल्या साली खरंच होतं.’’

पुढे १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून, वावरात उभं राहून, फोटो काढून करायची. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात. अडचणी आल्या, नेटवर्क मिळेना, म्हाताऱ्या शेतकऱ्यांना शेजारच्या पोराला धरावं लागलं. तरी आबा त्या पद्धतीच्या बाजूने होते. हमीभावाच्या केंद्रावर सातबाऱ्यावरचा पेरा पाहतात, तेव्हा तो वावरातून आलेला असावा, असं ते ठासून सांगत.

नातीने दुसऱ्या दिवशी फाइल उघडली आणि हातानेच दुरुस्त केली. या वेळी काही राहू नये म्हणून जेवढी नावं आठवली तेवढी ‘रिक्वायर्स’च्या, म्हणजे उघड गरजांच्या, ओळीत घातली. चाचण्यांपुरती वापरलेली एक लायब्ररीही घातली. संध्याकाळी पुण्याच्याचा नवा निरोप: ही कुठली चाचणीची लायब्ररी मागता, ती माझ्याकडे नाही, आणि तिच्यावाचून बांधणी पुढेच सरकत नाही.

‘‘धुऱ्यावरचं गवत पेऱ्यात कामून लिवलं?’’ आबांनी विचारलं.

मग तिने हाताने लिहिलेली फाइल काढूनच टाकली. मेसनमध्ये यासाठी ‘पीकेजीकॉन्फिग’ हे मॉड्यूल आहे. बांधलेली लायब्ररी त्याच्या ‘जनरेट’ला दिली की फाइल तिथल्या तिथे तयार होते. आवृत्ती प्रकल्पाच्या मुख्य ओळीतून येते, जागा बांधणीची तयारी करताना दिलेल्या पर्यायांवरून. लायब्ररी ज्यांना खरोखर जोडली आहे, ते खासगी गरजांच्या ओळीत आपोआप जातात. ही ओळ स्टॅटिक जोडणीच्या वेळी कामी येते. चाचणीची लायब्ररी फक्त चाचणीच्या प्रोग्रॅमला जोडलेली, म्हणून ती या फाइलीत येतच नाही. जे ज्ञान बिल्डकडे आधीच होतं, ते दुसऱ्यांदा आठवणीतून लिहिण्याची गरजच उरली नाही.

अवलंबित्वाची नोंद हा काही छोट्या लायब्ररीपुरता प्रश्न नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीत सुरक्षेचं भयंकर भोक सापडलं तेव्हा जगभरच्या कंपन्या आपल्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे हेच शोधत बसल्या. पुढे सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ती यादी कुणी वर्षातून एकदा बसून टंकलिखित करणार असेल, तर माझ्या मते तिच्यावर विसंबणं यादी नसण्यापेक्षाही धोक्याचं आहे.

नातीला वाटलं, आता सुटले. आबांनी पुन्हा विचारलं, ‘‘म्हंजे तुले आता पाहाचं कामच नाई?’’

त्या प्रश्नापायी तिने एक तपासणी बसवली. प्रत्येक आवृत्ती सोडण्याआधी कोऱ्या संगणकावर लायब्ररी बसवायची, आणि तिच्या हेडरमधलं, म्हणजे वापरणाऱ्यासाठी उघड ठेवलेल्या फाइलीतलं, सगळं वापरणारा एक छोटा प्रोग्रॅम फक्त .पीसी फाइलीच्या आधारे बांधून पाहायचा, शेअर्ड आणि स्टॅटिक दोन्ही रूपांत.

पुढच्या आवृत्तीत तिने वापरणाऱ्याला स्वतःचा फाँट देता येईल अशी सोय केली. त्यासाठी हेडरमध्ये हार्फबझचा फाँट-प्रकार आला. आता वापरणाऱ्याला तो फाँट घडवायला हार्फबझलाच थेट हाक मारावी लागणार होती. तपासणीतला प्रोग्रॅम शेअर्ड रूपात अडकला. मेसनने हार्फबझ खासगी गरजांत ठेवली होती, आणि त्याच्या बाजूने ते बरोबर होतं. कुठली लायब्ररी कशाला जोडली आहे हे त्याला दिसतं. आपल्या दारातून बाहेरच्याला काय दिसणार आहे, हे ठरवणारा माणूसच असतो. तिने ‘जनरेट’मध्ये हार्फबझ उघड गरज म्हणून नोंदवली, तपासणी पुन्हा चालवली आणि ती पार पडल्यावर आवृत्ती सोडली.

अकोल्याच्या मुलाला यातलं काहीच कळलं नाही. त्याचा प्रोग्रॅम पहिल्याच बांधणीत जोडला गेला, ‘क्विंटल’ नीट छापलं गेलं, आणि तो पावतीवर भाव कुठे छापायचा या विचाराला लागला.