माणशी एव्हरेज

मराठी माणूस दुसऱ्याला पगार विचारत नाही. ते असभ्य समजलं जातं. तो गाडीचं एव्हरेज विचारतो. "किती देते?" एवढाच प्रश्न. सांगणारा खऱ्या आकड्यात दोन मिळवून सांगतो, ऐकणारा त्यातून तीन वजा करून घेतो, आणि दोघंही समाधानानं घरी जातात. एव्हरेज म्हणजे सरासरी, आणि सरासरी सांगायची तर ती कशाची हे आधी ठरवावं लागतं, असं आम्ही बी.कॉम.ला शिकलो. गाडीवाल्यांनी तो धडा ऑप्शनला टाकलेला दिसतो.

आमचे साडू या शास्त्रातले अधिकारी पुरुष. २०२१ साली महाराष्ट्रात पेट्रोलनं शंभरी गाठली, तेव्हापासून त्यांच्या गाडीत एक वही असते. मे महिन्यात पुण्याहून कोकणात जायचं ठरलं, की ती वही बाहेर येते. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येतं, तेव्हा थेंब वाचवणं ही देशसेवा, असं ते सांगतात. याला नाही कोण म्हणेल?

पण आम्ही पडलो बँकेतली माणसं. कुठं रक्कम जमा दिसली, की आमची नजर आपोआप दुसरीकडे वळते: ही नावे कोणाच्या पडली? पेट्रोलची बचत साडूंच्या वहीत जमा होते, ठीक. नावे कोणाच्या?

कोणाच्याच नाही, अशाही बचती असतात. निघायच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना हवा तपासावी. किती भरायची ते कंपनीनं बहुधा दाराच्या चौकटीवर लिहून ठेवलेलं असतं. कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा. मऊ टायर जास्त दबतो आणि इंजिनाला फुकट राबवतो. टपावरचा रिकामा कॅरियर उतरवून ठेवावा. रेल्वे फाटकाशी इंजिन बंद करावं. उन्हात तापलेल्या गाडीची दारं दोन मिनिटं उघडी टाकून मगच एसी लावावा. आणि मुख्य म्हणजे पाय आवरावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीवरून शंभरावर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. या सगळ्यात नावे पडतो तो फक्त चालवणाऱ्याचा उतावळेपणा, आणि त्या खात्यात शिल्लक भरपूर असते.

साडूंचं मन मात्र अशा बिनखर्ची बचतीत रमत नाही. ते एसी बंद करतात. "खिडक्या उघडा, कोकणचा वारा घ्या!" कोकण अजून शंभर किलोमीटर लांब असतं आणि वारा थेट भट्टीवरून येत असतो. गावातल्या संथ रस्त्यावर हे गणित एक वेळ बरोबर. हमरस्त्यावर उघड्या खिडक्यांत वारा अडतो, आणि एसीत वाचलेलं पेट्रोल बरंचसं खिडकीतूनच उडून जातं. ठराव मांडणारे, अनुमोदन देणारे आणि मंजूर करणारे साडूच. घाम तेवढा सर्वानुमते. शिवाय एसी बंद ठेवून गाडी हाणतात ती शंभरनं. वाचवायचा तो आमचा एसी, उडवायचा तो त्यांचा वेग. काटकसर आणि कंजुषी यांत फरक काय, यावर पुष्कळ चर्चा झालेली आहे. मला तर मागच्या सीटवर बसलं की तो लगेच कळतो.

कुंभार्ली घाट उतरताना ते गाडी न्यूट्रल करतात. ही स्कूटरच्या दिवसांतली विद्या. हल्लीच्या इंजिनात गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर पेट्रोलचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला उलट थोडं पेट्रोल लागतं. आणि इंजिनाची पकड गेली, की सारा भार ब्रेकवर. म्हणजे जमा काहीच नाही, आणि नावे पडायची ती समोरून घाट चढणाऱ्या एखाद्या परक्या माणसाच्या. त्याला कोणी विचारलेलंही नसतं.

यंदा तर कमाल झाली. हिच्या मावशीला गुहागरकडे, माहेरच्या घरी एकदा जाऊन यायचं होतं. वय पंच्याहत्तर, वजन पंचेचाळीस. साडूंनी वही उघडली. पंचेचाळीस किलो ओझं वाढलं, की पेट्रोल साधारण एक टक्का जास्त. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर, लिटरला पंधरा, म्हणजे चाळीस लिटर. त्याचा एक टक्का, चारशे मिलिलिटर. रुपये चाळीसच्या आसपास. "एसटी आहे की," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साडूभाऊ, वही इकडे द्या." चार माणसांत चाळीस लिटर, म्हणजे माणशी दहा. पाच माणसांत चाळीस लिटर चारशे, म्हणजे माणशी आठ. मावशी बसल्या, की एव्हरेज वाढतं! साडूंनी ती बेरीज तीनदा तपासली. चूक सापडेना, तेव्हा मावशी आल्या. मधल्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन, गाडीत कमीत कमी जागा व्यापायची शपथ घेतल्यासारख्या त्या बसल्या होत्या. चाळीस रुपयांची गोष्ट त्यांना कोणी सांगितली असेल का, हे मला अजून कळलेलं नाही.

आता पुढल्या वर्षीचा बेत चालू आहे. पहाटे पाचला निघायचं, असं साडूंचं नवं संशोधन. हवा गार, रस्ता मोकळा, एसी लागतच नाही. मला सगळं पटलं. फक्त पाचला निघायचं तर पोळ्या आणि बटाट्याची भाजी यांसाठी तीनला कोणीतरी उठायला हवं. ती झोप कुठल्या खात्यात घालायची, एवढंच मी विचारलं.

साडूंनी जरा विचार केला आणि म्हणाले, "किरकोळ खर्चात टाका."

स्वयंपाकघरात एक पातेलं जोरात खाली ठेवल्याचा आवाज आला.