हरवलेले अवजार आणि सातवी आज्ञा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एक तरुण संध्याकाळच्या मिस्सानंतर कचेरीत आला. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या वडिलांचे निधन झाले होते. निवृत्तीनंतर त्या गृहस्थांना एक छंद जडला होता. घरातील जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून घ्यायच्या आणि फावल्या वेळी त्यांतले नेमके तुकडे निवडून एक चित्रफीत जुळवायची. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी ती पत्नीला दाखवायची होती. काम पुरे झाले नाही. वाढदिवस डिसेंबरात होता, आईला या गोष्टीचा पत्ता नव्हता आणि वडिलांनी अर्धवट ठेवलेले काम आपण तडीस न्यावे असे मुलाच्या मनाने घेतले होते.

जुना संगणक बंद पडला होता. दुरुस्ती करणाऱ्याने त्याच्या डिस्कवरील सारे काही नव्या संगणकावर आणून दिले. कॅसेटींच्या फायली सुखरूप आल्या. मात्र ज्या अवजाराने वडील काम करीत, ते विंडोज मूव्ही मेकर नव्या यंत्रात नव्हतेच. दुरुस्तीवाल्याने यावर तोडगा सुचवला होता. त्याच्या पेनड्राइव्हवर चित्रपटवाले वापरतात तसले हजारो रुपये किमतीचे सॉफ्टवेअर होते, कुलूप मोडलेले. दोनशे रुपयांत तो ते टाकून देणार होता.

"फादर, आईसाठी करतोय मी. टाकलं तर पाप लागेल काय?"

आम्ही लागलीच उत्तर दिले नाही. का दिले नाही, ते पुढे येईलच.

प्रथम त्या हरवलेल्या अवजाराविषयी. मूव्ही मेकर २००० साली विंडोजच्या 'एमई' आवृत्तीबरोबर आले. पुढे एक्सपी आणि व्हिस्टा या आवृत्त्यांतही ते आपसूक मिळत असे. लग्न, बाप्तिस्मा, सहल, शाळेचे स्नेहसंमेलन यांची घरगुती चित्रणे कापून सांधावयास किती कुटुंबांनी ते वापरले असेल! २००९ च्या विंडोज ७ पासून ते यंत्रासोबत येईनासे झाले. कंपनीच्या संकेतस्थळावरून ते वेगळे, पण विनामूल्य, उतरवून घ्यावे लागे. १० जानेवारी २०१७ रोजी कंपनीने तेही बंद केले. त्याच वर्षी ईसेट या स्लोव्हाकियातील सुरक्षा कंपनीने एक फसवणूक उजेडात आणली. कोणीतरी याच नावाचे बनावट संकेतस्थळ उभारले होते व शोध घेणाऱ्यास ते अग्रभागी दिसे. तिथून उतरवलेल्या प्रतीवर मनुष्य काम करी आणि ते जतन करावयास जाई, तेव्हा पैशांची मागणी होई. जी वस्तू मुळात फुकट वाटली गेली, तिचे लोकांनी दाम मोजले.

हा मुलगा सावध निघाला. वडिलांच्या जुन्या फायलींत त्याला मूव्ही मेकर बसवण्याची एक लहानशी फाईल सापडली होती. पण ती नुसती मागणीची चिठ्ठी निघाली. ती चालवली की कंपनीच्या यंत्राकडून मूळ वस्तू मागवायची, एवढेच तिचे काम. आणि पलीकडे आता कोणी ऐकत नव्हते.

"आधी ते आमचंच होतं ना?" तो म्हणाला. या वाक्याने आम्हांला फार मागे नेले.

सेमिनरीत असताना आम्ही फ्रान्सिस्कन संन्याशांच्या दारिद्र्याचा वाद शिकलो होतो. परीक्षेपुरता शिकलो, हे कबूल करतो. असिसीकर संत फ्रान्सिसच्या अनुयायांनी काहीही स्वतःचे मानायचे नाही असे व्रत घेतलेले. मग ते ज्या मठात राहतात, जी भाकरी खातात, ती कोणाची? पोप तिसरे निकोलस यांनी १२७९ साली निर्णय दिला की, या संन्याशांकडे केवळ 'साधा उपयोग' आहे, मालकी नाही, मालकी पोपपीठाकडे. पुढे १३२२ साली पोप बाविसावे जॉन यांनी ती मालकी टाकून दिली. जी वस्तू वापरताच संपते, तिचा उपयोग मालकीपासून वेगळा काढताच येत नाही, असे त्यांचे म्हणणे. यावर ओकमचा विल्यम या फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञाने प्रतिपादन केले की, संन्याशांकडे हक्क नसतो, परवानगी असते. आणि परवानगी देणारा ती केव्हाही मागे घेऊ शकतो.

सातशे वर्षांनी त्या संन्याशांची स्थिती आपणा सर्वांच्या वाट्यास आली आहे, आणि तीही कोणतेही व्रत न घेता! सॉफ्टवेअर बसवताना जो लांबलचक मजकूर न वाचता आपण 'मान्य' म्हणतो, त्यात बहुधा हेच लिहिलेले असते: ही वस्तू तुम्हांस विकलेली नाही, वापरावयास दिली आहे. संन्याशांनी साधा उपयोग समजून-उमजून पत्करला. आपण मालक आहोत अशा समजुतीत राहतो आणि अवजार नाहीसे झाले की चोरी झाल्यासारखा संताप येतो.

तो संताप सर्वस्वी खोटा नाही. एखाद्या शेजाऱ्याने वर्षानुवर्षे आपल्या विहिरीचे पाणी भरू दिले, त्या भरवशावर आपण वाडी लावली आणि एके दिवशी त्याने फाटकाला कुलूप ठोकले, तर विहीर त्याची हे खरे असूनही त्याच्याकडे आपले काहीच देणे लागत नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने लोकांना सवय लावली, त्याने निदान त्यांची कामे उघडता येतील एवढी सोय ठेवावयास हवी होती. परंतु या शेजाऱ्याचे कुलूप लागले म्हणून तिसऱ्याच कोणाच्या विहिरीचे कुलूप फोडण्याचा अधिकार आपणांस मिळत नाही. आणि पेनड्राइव्हवरील ते महागडे सॉफ्टवेअर म्हणजे हीच तिसऱ्याची विहीर होती.

यावर नेहमीचे उत्तर असे की, नक्कल केल्याने कोणाचे काही कमी होत नाही. पाणी उपसले तर पातळी तरी खाली जाते. इथे तेही नाही. हा युक्तिवाद आम्हांलाही कधी काळी पटला होता, किंबहुना सोयीचा वाटला होता. आमच्या कचेरीत धर्मग्रामाचे पत्रक छापण्यासाठी मराठी टंकांचा एक संच कित्येक वर्षे वापरला जात होता. तो एका हितचिंतकाने 'आणून दिला' होता. कुठून, हे आम्ही विचारले नाही. पुढे कळले की तो एका लहान मराठी व्यवसायाने अक्षर अन् अक्षर घडवून तयार केलेला, आणि त्याची जेवढी विक्री होई त्यावरच तिथल्या मोजक्या कारागिरांचे पगार निघत. आम्ही दर रविवारी वेदीवरून सातव्या आज्ञेवर बोलू शकत होतो आणि सोमवारी त्याच अक्षरांत पत्रक काढीत होतो. नंतर किंमत भरली. त्या मधल्या वर्षांची भरपाई झाली असे मात्र म्हणवत नाही. त्या तरुणास झटकन उत्तर देता आले नाही, ते यामुळे.

कायदा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली भर पडून, अवैध प्रत आहे हे ठाऊक असूनही संगणकावर वापरणे हा गुन्हा ठरला. संत थॉमस अक्वायनस यांनी आत्यंतिक गरजेत परक्याची वस्तू घेणे चोरी ठरत नाही असे म्हटले आहे. पण त्यांच्यासमोर भुकेने जीव जाणारा मनुष्य होता. आईच्या डोळ्यांत आनंद पाहण्याची इच्छा पवित्र असली, तरी ती भूक नव्हे. हे आम्ही त्यास सांगितले. तो गप्प राहिला. कठोर वाटले असावे.

उरला प्रश्न मूळ मूव्ही मेकरच्या जुन्या, संपूर्ण प्रतीचा. इंटरनेटवरील काही संग्रहांत ती कोणीतरी जपून ठेवली आहे. मालकाने स्वतः वाटलेली, आता कोणालाच न विकली जाणारी ही वस्तू घ्यावी काय? वाटप थांबवणे म्हणजे मालकी सोडणे नव्हे. तरीही घेणाऱ्यास आम्ही चोर म्हणणार नाही. हक्काने घेतले असेही म्हणू देणार नाही.

प्रत्यक्षात तशी पाळी आली नाही. वडिलांच्या अर्धवट कामाची फाईल त्या मुलाने सहज नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. तीत चित्र एकही नव्हते. असते तर ती एवढी लहान नसती. होता तो केवळ मजकूर: कोणत्या फायलीतला तुकडा, कितव्या सेकंदाला सुरू, कितव्या सेकंदाला समाप्त, आणि मध्ये वडिलांनी टंकलेली शीर्षके. दुरुस्तीवाल्याचे ते महागडे सॉफ्टवेअर ही फाईल उघडू शकलेच नसते. दोनशे रुपयेही गेले असते.

मग त्याने शॉटकट नावाचे विनामूल्य संपादन-सॉफ्टवेअर, शोधात वर आलेल्या कोणत्याही दुव्यावरून नव्हे तर निर्मात्यांच्या स्वतःच्या स्थळावरून, उतरवून घेतले. ते ज्या सार्वजनिक परवान्याखाली दिले जाते, त्याच्या अटी पाळल्या तर दिलेली परवानगी मागे घेता येत नाही, असे त्या परवान्यातच नमूद आहे. ओकमच्या विल्यमला हे वाचून काय वाटले असते, कोण जाणे.

आठ-दहा रात्री जागून त्याने एकेक तुकडा त्या आकड्यांप्रमाणे पुन्हा कापला. वडिलांनी काय ठेवले आणि काय गाळले हे त्याला आकड्यांवरून कळत गेले. जिथे जिथे ते स्वतः समोर येत, तिथे बहुधा कात्री लागलेली होती. बावखलाच्या काठी कपडे धुताना कॅमेऱ्याकडे पाहून हसणारी आई मात्र पुरी एक्केचाळीस सेकंद ठेवली होती.

एक फाईल शेवटपर्यंत मिळाली नाही; ती कोणत्या तरी पेनड्राइव्हवर होती आणि तो पेनड्राइव्ह घरात नव्हता. नऊ सेकंदांची जागा. मुलाने तिथे दुसरे काही घातले नाही, काळा पडदा राहू दिला. डिसेंबरात चित्रफीत दाखवली, तेव्हा आम्ही तिथे होतो. त्या काळ्या पडद्यापाशी मावशींनी मुलाकडे वळून विचारले, "इथं काय होतं रे?"

"ठाऊक नाही, आई. बाबांनी काहीतरी ठेवलं होतं."