सांभाळायला ठेवलेलं कुत्रं

दिवाळी झाली की फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. वाटेत दोन-तीन रात्री कळप आमच्या रानात बसतो. रानाला लेंडीखत मिळतं, आम्ही त्यांना धान्य देतो. एका वर्षी त्यांच्या कुत्र्याला डांबरीवर मोटारसायकलनं उडवलं. मागचा पाय मोडला. म्हातारा धनगर म्हणाला, "दादा, ह्ये काय घाट उतरायचं न्हाय. पावसाच्या आत माघारी येतो, तवर सांभाळा." गडबडीत नाव विचारायचं राहिलं. नातू त्याला लंगड्या म्हणायला लागला.

डॉक्टरनं कामट्या लावून पाय बांधला. पहिले आठ दिवस ते पायरीशेजारी पडून होतं. टीव्ही लागला की थरथरायचं. आम्ही पाठ फिरवल्याशिवाय भाकरीला तोंड लावायचं नाही. आम्ही ठरवून टाकलं, भित्रं आहे. पुढं पायावर भार देता यायला लागला तसं रात्री उठून गोठ्याभोवती फिरायला लागलं. मग म्हटलं, भटकं आहे.

एक दिवस दुरडीतल्या भाकरी गेल्या. उकिरड्याच्या कडेला पुरलेल्या सापडल्या. पोटभर घालतोय तरी चोरी करतंय, म्हणून माझं डोकं फिरलं. हातातली काठी मी त्याच्या पाठीत घातली. ते पळालं नाही, ओरडलंही नाही. खाली बसलं नुसतं.

भाकरी आमच्या होत्या, हे खरं. पण आज पोटभर तर उद्या उपास, अशा वाटचालीत वाढलेलं जनावर ते. त्यानं चार घास मातीत ठेवले. मी माझे कणगीत ठेवतो. माझ्या ठेवण्याला शिल्लक म्हणायचं आणि त्याच्या ठेवण्याला चोरी, हे कुणी ठरवलं? मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

माझा मुलगा शिरवळला कंपनीत आहे. दुसऱ्या पाळीवरून यायला त्याला रात्रीचे बारा वाजतात. एकदा मला झोप येईना म्हणून ओट्यावर बसलो होतो. कुत्रं फाटकाशी बसलेलं. मुलगा आत आला, त्यानं त्याला हुंगलं, गोठ्याला एक फेरी मारली आणि मगच अंग टाकलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "रोजचंच हाय त्याचं. आपल्याला मोजतंय ते, मेंढरावानी."

थोरली सून नवीन आली तेव्हा तिलाही आम्ही घुमी म्हणत होतो. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, त्या काळजीत ती होती. आम्हाला ते दोन वर्षांनी कळलं. तोवर घुमी हे नाव गावभर झालं होतं.

वैशाखात धनगर आला. खोटं कशाला बोलू, कुत्रं आमच्याकडंच राहावं असं वाटत होतं. त्यानं लांबून शीळ घातली आणि हे सुटलंच. कळपापर्यंत पोचवायला म्हणून मी काठी उचलली, तसं ते अंग चोरून धनगराच्या काठीखाली जाऊन उभं राहिलं. त्याच्या काठीचं त्याला भय नव्हतं.

म्हाताऱ्यानं पाहिलं. "मारलंसा व्हय?"

"एकदा," मी म्हणालो.

तो थोडा वेळ कुत्र्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "पाय बाकी चांगला बसलाय. उपकार झालं, दादा."

मला त्यावर बोलता आलं नाही.