शंकासमाधान : घरी मंडळी येणार, खेळ कोणते घ्यावेत?

आगमनकाळाचा पहिला रविवार आला की या सदराकडे येणारी पत्रं एकाच वळणाची होतात. पाहुणे बोलावले आहेत, फराळाची तयारी चालू आहे, आणि मनात कुठेतरी एक टोचणी आहे. यंदाच्या पत्रांतल्या काही शंका इथे घेते.

शंका : आमच्या मंडळीतल्या बारा-पंधरा कुटुंबांना नाताळनंतर एका संध्याकाळी घरी बोलावलं आहे. मुलांना हाऊझी हवी आहे. तिकिटाला दहा रुपये आणि जमलेल्या पैशांतून बक्षिसं, असं त्यांचं ठरलं आहे. सासूबाई म्हणतात, हा जुगार आहे, प्रभूच्या जन्माच्या नावाने तो घरात नको. कोणाचं ऐकावं? – एक भगिनी, अहिल्यानगर

समाधान : सलाम. सासूबाईंचं बोलणं जुन्या वळणाचं म्हणून बाजूला सारू नका, त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. चिठ्ठी टाकणं, आकडा निघणं, यात मुळात पाप नाही. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड झाली ती प्रार्थना करून आणि चिठ्ठ्या टाकूनच (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १). पण वधस्तंभाखाली शिपायांनीही चिठ्ठ्याच टाकल्या, मरणाऱ्याच्या अंगरख्यासाठी. चिठ्ठी दोन्हीकडे होती. फरक पडला तो दुसऱ्याचं काढून घेण्याच्या इच्छेने.

मेजवानीतल्या खेळाची एक गोष्ट पवित्र शास्त्रात आहे, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. शास्ते, अध्याय १४. शमशोनाच्या लग्नाची मेजवानी सात दिवस चालली होती, आणि त्याने सोबत्यांना एक कोडं घातलं. सिंहाच्या कलेवरात मध सापडला होता, त्यावरून रचलेलं ते कोडं. इथवर सगळं छान होतं. पण त्यावर पैज लागली तीस तागाची वस्त्रं आणि तीस पोशाख. पैज हरायची वेळ आली तेव्हा त्याच पाहुण्यांनी नवरीला धमकावलं, तुला आणि तुझ्या बापाच्या घराला जाळून टाकू. शेवटी ती पैज फेडण्यासाठी शमशोनाने अश्कलोनात तीस माणसं मारली. कोड्याने कोणाचं वाईट केलं नव्हतं, पैजेने केलं.

आता तुमच्या दहा रुपयांकडे या. हाऊझीच्या तिकिटावर पंधरा आकडे असतात. ज्याच्या हातात चार तिकिटं, त्याची संधी एका तिकिटवाल्याच्या चौपट. म्हणजे ज्याच्या खिशात जास्त, त्याला बक्षीस मिळण्याची शक्यताही जास्त. आणि पाच माणसांचं कुटुंब एकच तिकीट घेऊन त्याच्याभोवती गोळा होतं, तेव्हा बाकीच्यांना ते दिसतंच. म्हणून माझं सांगणं असं की माणशी एक तिकीट द्या, फुकट द्या, आणि बक्षिसं यजमानांनी ठेवावीत. एखादं कॅलेंडर, चिक्कीचं पाकीट, मेणबत्त्यांचा जोड एवढं पुष्कळ झालं. पैसा मध्ये आलाच नाही तर जुगार उरत नाही. काही ठिकाणी तिकिटाचे पैसे चर्चच्या बांधकाम निधीला देतात. मला ते पटत नाही. देवाला द्यायचं ते दानाच्या थैलीत, बदल्यात काही मिळण्याची आशा न धरता द्यावं.

हे सगळं सासूबाईंना आधी सांगा, आणि आकडे काढायचं काम त्यांच्याकडे द्या. तरीही त्यांचं मन घेत नसेल तर यंदा हाऊझी सोडा. घरात मंडळी जमली आहे आणि घरातली वडील बाई मात्र आतल्या खोलीत दार लावून बसली आहे, असं होऊ देऊ नका. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्याबद्दल जे सांगतो, तेच इथे लागू आहे.

शंका : आमच्या तरुण संघाने पार्टीत बायबल क्विझ आणि वचन शोधण्याची शर्यत ठेवली आहे. पण बरीच वडीलधारी माणसं खेळांच्या वेळी उठून जातात. त्यांना कसं बसवून ठेवावं? – एक तरुण, पिंपरी

समाधान : ती का उठतात, हे मी फार उशिरा शिकले. त्या शिकण्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली, म्हणून तुम्हाला सांगते.

मी शब्बाथ शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. नाताळच्या मेळाव्यात वचन शोधण्याची शर्यत मीच घेतली होती. सगळ्यांनी बायबल बंद करून छातीशी धरायचं, मी संदर्भ सांगायचा, आणि ज्याचं बोट आधी ओळीवर पडेल तो उभा राहून वाचणार. मी ‘हबक्कूक’ म्हटलं आणि पानांची सळसळ सुरू झाली. पुढच्याच रांगेत साठीच्या एक मावशी होत्या. बाहेरच्या वाडीवरून आलेल्या, मोठ्या वयात बाप्तिस्मा घेतलेल्या. त्यांनीही बायबल उघडलं, शेजारणीच्या पानाकडे पाहिलं, तितकीच जाड पानं डावीकडे सारली आणि एका ओळीवर बोट ठेवून बसल्या. मला वाटलं, सापडलं. मी मोठ्याने म्हणाले, “मावशी, वाचा.” त्या गप्प. मी पुन्हा म्हणाले. मागे कोणीतरी खुदकन हसलं. मावशींनी बायबल मिटलं, खणाच्या पिशवीत घातलं आणि पिशवीच्या बंदाला गाठ मारली. एक मारली, मग तिच्यावर दुसरी. त्यांना वाचता येत नव्हतं. दर रविवारी बायबल मांडीवर घेऊन बसणाऱ्या त्या बाईंबद्दल एवढं मला माहीत असायला हवं होतं.

पुढची तीन वर्षं त्या मेळाव्याला आल्या नाहीत. दरवेळी घरी पाहुणे असल्याचं कारण यायचं.

म्हणून आता मी भजनांच्या अंताक्षरीपासून सुरुवात करते. ‘उपासना संगीत’मधली भजनं आपल्या आजी-आजोबांना तोंडपाठ असतात, आणि याला कारण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे जी भजनं रचली ती इथल्या ओवी-अभंगाच्या चालीवर. पुस्तक हातात नसलेल्या माणसालाही ती म्हणता येतात. अंताक्षरीत दोन गट पाडताना नातवंडं आणि आजी-आजोबा एका गटात घाला, तरुण विरुद्ध वृद्ध असं करू नका. नियम एकच, निदान दोन कडवी म्हणायची आणि मोबाइल खिशात. मग बघा, पहिली ओळ मुलांना येते आणि पुढचं सगळं आजीला.

क्विझ ठेवायचीच असेल तर उत्तर गटाने द्यावं, एकट्याला उभं करू नये. संगीतखुर्ची लहान मुलांपुरती ठेवा, गुडघे दुखणाऱ्यांना आग्रहाने ओढू नका. पार्सल फिरवण्याच्या खेळात नाचून दाखवा, नक्कल करा अशा शिक्षांच्या चिठ्ठ्या घालतात. त्याऐवजी ‘शेजारच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगा’, ‘लहानपणीच्या नाताळचा एक पदार्थ सांगा’, असं घाला. आमच्याकडे एकदा या चिठ्ठीवर एक आजोबा गुळाच्या करंजीबद्दल दहा मिनिटं बोलले. सारण त्यांच्या आईने कशात ढवळलं ते पातेलं, त्याचा वाकडा काठ, सगळं. कोणी उठलं नाही.

मावशी चौथ्या वर्षी आल्या. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या बाई.” त्यांनी ते खरंच जाऊ दिलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

शंका : माझा भाऊ म्हणतो की २५ डिसेंबर ही तारीख शास्त्रात नाही, झाडही नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाने नाताळच पाळू नये. त्याला काय उत्तर द्यावं? – एक वाचक, सोलापूर

समाधान : तारीख शास्त्रात नाही, हे त्याचं म्हणणं खरं आहे, ते मोकळेपणाने मान्य करा. रोममध्ये चौथ्या शतकात हा दिवस पाळल्याची नोंद मिळते. भावाच्या मताची माणसं पूर्वीही होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या प्युरिटन लोकांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला, आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. मुंबईत १८१३ मध्ये उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी त्याच न्यू इंग्लंडचे. आज त्याच मिशनच्या मंडळ्यांत घरोघरी तारा लागतो. तेव्हा भाऊ काही वावगं बोलतो असं नाही. कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, आणि दोघेही प्रभूसाठीच तसं करतात, असं रोमकरांसच्या चौदाव्या अध्यायातच आहे. त्याला पार्टीला बोलवा. नाही आला तर राग धरू नका. झाडाखाली उभं करून त्याच्याशी वाद घालू नका.

शंका : ‘ख्रिसमस फ्रेंड’च्या भेटीला तीनशे रुपयांची मर्यादा ठेवली आहे. योग्य आहे का? – एक भगिनी, नाशिक

समाधान : मर्यादा वरची असेल तर योग्य. पण लोक तो आकडा कमीत कमी म्हणून वाचतात आणि उसने पैसे काढून भेट आणतात. शंभरावर आणा, किंवा हाताने केलेली वस्तू असं ठरवा. भेटी सर्वांसमोर उघडू नयेत, घरी जाऊन उघडाव्यात.

शंका : वरच्या मजल्यावरचं कुटुंब हिंदू आहे आणि शाकाहारी आहे. दर दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा येतो. मंडळीच्या पार्टीला त्यांना बोलवावं का? बोलावलं तर प्रार्थना आवरती घ्यावी का? – एक बंधू, ठाणे

समाधान : जरूर बोलवा, आणि प्रार्थनाही करा. फक्त आधी सांगा : सात वाजता जमू, सुरुवातीला दहा मिनिटं भजन आणि प्रार्थना आहे, मग खेळ, मग जेवण. म्हणजे कधी यायचं ते त्यांना ठरवता येतं. शेजारी म्हणून बोलावलं आहे तर शेजाऱ्यासारखंच वागा. त्यांना पुढच्या रांगेत बसवून पाळकसाहेबांना मोठा संदेश द्यायला लावणं हा त्यांच्या विश्वासाचा गैरफायदा ठरेल.

जेवणाचं मात्र काटेकोर पाहा. शाकाहारी पदार्थ वेगळ्या टेबलावर, वेगळ्या पळ्यांसह. केकमध्ये अंडं आहे आणि त्यातला सुका मेवा रममध्ये भिजवला आहे, हे न विचारता सांगा. बिनअंड्याचा केक करणार असाल तर नव्या किंवा स्वच्छ घासलेल्या भांड्यात करा, आणि तसं केलं आहे हे घरातल्या आजींना स्वतः जाऊन सांगा. करंज्या आणि शंकरपाळे वनस्पती तुपात तळलेत की तेलात, हेही त्या विचारतील. आणि त्यांनी काहीच खाल्लं नाही, फक्त चहा घेतला, तरी पानावर आग्रह करू नका.

शंका : आमच्या गटातल्या एका बहिणीचे पती ऑक्टोबरमध्ये गेले. दरवर्षी ही पार्टी त्यांच्याच अंगणात व्हायची. यंदा आम्ही दुसऱ्या घरी ठेवली आहे. त्यांना बोलावलं तर जखमेवर मीठ, नाही बोलावलं तर वाळीत टाकल्यासारखं. पार्टीच रद्द करावी का? – काही भगिनी, वसई

समाधान : रद्द करू नका. तुमच्यामुळे मुलांचा नाताळ बुडाला, हे ओझं त्यांच्यावर कशाला?

बोलवा, पण मेसेज पाठवून नको. दोघीजणी घरी जा. काय काय होणार आहे ते सांगा, आणि हेही सांगा की यावंसं वाटलं तर भजनापुरतं या, नको वाटलं तर नका येऊ, आम्ही विचारणार नाही. त्यांना घरी सोडायला कोण जाणार हे आधी ठरवा, म्हणजे मध्येच उठावंसं वाटलं तर कोणाची वाट पाहायला नको. त्या आल्या तर त्यांच्या पतीचं नाव टाळू नका. ज्या अंगणात इतकी वर्षं जमलात, तिथे तारा कोण बांधायचं, गव्हाणीला पेंढा कोण आणायचं, हे बोला. नाव न काढता सगळे सांभाळून बोलतात, तेव्हा गेलेला माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं.

आणि त्या येणार नसतील तर नहेम्याच्या आठव्या अध्यायातली रीत पाळा. तिथे लोकांना सांगितलं आहे की सणाचं खा, प्या, आणि ज्याच्याकडे काही शिजलेलं नाही त्याला त्याचा वाटा पाठवा. तो वाटा उरलेल्यातून, रात्री दहा वाजता, प्लास्टिकच्या डब्यात भरून जाऊ नये. पहिली करंजी तळली की पहिलं ताट त्यांचं वाढा, आणि पाहुणे यायच्या आधी, उजेड असताना घेऊन जा. सोबत एखादं मूल न्या. दारात उभं राहून ताट देऊन परतू नका. त्या म्हणतील, “बसा,” तेव्हा बसा.