काना गावचा चाखणारा

काना गावच्या लग्नातील भोजनकारभारी हा द्राक्षारसाचा खरा जाणकार. एका घोटात त्याने ओळखले की, हा आधीच्यापेक्षा उत्तम आहे. तो आला कोठून, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. ते पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होते (योहान 2).

नाशिकला गंगापूर धरणाजवळ ‘सुला’ने 2005 साली टेस्टिंग रूम उघडली. आता कल्याणहून गाडी पकडून वायनरी पाहायला जाणारे आपल्यातही आहेत. पेला तिरपा धरून रंग पाहायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा. पट्टीचे चाखणारे तर तो थुंकूनही टाकतात. यात पाप आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. मिस्साबलीत आपण द्राक्षारसच अर्पण करतो.

संत थॉमस अक्वायनस यांनीही तो मुळात निषिद्ध मानला नाही. ज्याला तो सहज बाधतो, ज्याने न पिण्याचे व्रत घेतले आहे, जो प्रमाण सोडतो, किंवा ज्याच्या पिण्याने दुसरा अडखळतो, त्याला मात्र तो वर्ज्य. पहिल्या तीन गोष्टी ज्याच्या त्याने पाहाव्यात. चौथी आपल्या मोहन्याची आहे. एन.आर.सी. 2009 साली बंद पडली. हाताला काम नसले की बाटली कशी जवळची वाटू लागते, हे येथे समजावून सांगायला नको. समजा, नुकतीच दारू सोडलेला शेजारी मिस्सेनंतर आपल्याबरोबर चहा घेत आहे. त्याच्यासमोर ‘ही दारू नव्हे, वाईन’ म्हणत शिराझचे गोडवे गावेत, हे आम्हाला पटत नाही. किंमत वाढली म्हणून आतला अल्कोहोल बदलत नाही.

सहलीला जरूर जावे. परत आल्यावर द्राक्षे कोणी तोडली, त्यांना रोज किती मिळतो, हे सांगावे. ते ऐकायला तो शेजारीही बसेल.