नऊ की साडेतीनशे?

भूमध्य समुद्राभोवतीच्या माळांवर वसंतात फुलणाऱ्या ‘ऑफ्रिस’ ऑर्किडांच्या प्रजाती किती? काही अभ्यासक साडेतीनशेच्या आसपास मोजतात. लंडनच्या क्यू उद्यानातील रिचर्ड बेटमन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या ऑर्किडांच्या डीएनएतील हजारो ठिकाणांची तुलना केली, तेव्हा स्पष्ट वेगळे असे नऊच गट हाती आले. झाडे तीच आणि आकड्यांत मात्र एवढी तफावत.

या वादाचे मूळ फुलातच आहे. ऑफ्रिसची खालची पाकळी तपकिरी, मखमली असते. कडेला लव आणि मधोमध निळसर चकाकणारा डाग. मध थेंबभरही नाही. त्याऐवजी फुलाला एकट्याने राहणाऱ्या रानमधमाशीच्या मादीसारखा वास येतो. नर त्या वासाला भुलून पाकळीवर बसतो, मीलनाची धडपड करतो आणि परागपिंड अंगाला चिकटवून उडतो. दुसऱ्या फुलावर पुन्हा फसला की परागण होते. अशी फसणारी माशी प्रत्येक फुलासाठी बहुधा ठरलेली असते. त्यामुळे डागाचा आकार किंवा माशी वेगळी दिसली की नवे नाव देण्याची प्रथा पडली.

डीएनएने या प्रथेला चाप लावला. वनस्पतींच्या ओळखीसाठी २००९ मध्ये हरितलवकातील दोन जनुके जागतिक प्रमाण म्हणून निवडली गेली. पण नुकत्याच वेगळ्या होऊ लागलेल्या प्रजातींमध्ये ती बहुतेक सारखीच असतात. ऑफ्रिसमध्ये तर जवळच्या प्रजातींचा संकरही होतो आणि जनुके इकडून तिकडे जात राहतात. त्यामुळे एवढ्या नावांना डीएनएचा आधार मिळत नाही.

मग साडेतीनशे नावे मोडीत काढायची? इथे घाई घातक ठरेल. दक्षिण इटलीत शेजारी वाढणाऱ्या चार ऑफ्रिसांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या एकूण जनुकसंचात फरक नगण्य होता, पण वासाशी निगडित मोजक्या जनुकांत तो ठळक होता. वासातल्या कर्बरेणूंमधील दुहेरी बंधाची जागा बदलली की ‘ऑफ्रिस स्फेगोडेस’कडे अँड्रेना माशी येते आणि ‘ऑफ्रिस एक्झाल्टाटा’कडे कोलेटीस. शेजारच्या दोन फुलांमधली परागांची देवाणघेवाण एवढ्याशा बदलाने बरीचशी थांबते. म्हणजे सरासरी साम्य किती, एवढेच विचारणारी चाचणी नेमका प्रजाती घडवणारा फरक नजरेआड करते.

हा प्रश्न केवळ नावांचा नाही. तुर्कस्तान आणि इराणमध्ये ‘सालेप’ या पिठासाठी रानटी ऑर्किडांचे कंद मोठ्या प्रमाणावर उपटले जातात, आपल्याकडे सालममिश्री म्हणून विकले जाणारे कंदही ऑर्किडांचेच. सुकलेल्या कंदाला ना पाकळी असते, ना वास. तिथे ओळख पटवायला डीएनएच कामी येतो आणि इराणमधील कंदांवर तो वापरलाही गेला आहे. पण ज्या संदर्भसंचाशी ताडून पाहायचे, त्यातली नावेच डळमळीत असतील, तर बाजारात आलेला कंद दुर्मीळ ऑर्किडाचा की सर्रास आढळणाऱ्या, हे कसे सांगणार?

म्हणून नवी प्रजाती जाहीर करताना तीन पुरावे मागायला हवेत: जनुकसंचाची तुलना, फुलाची मोजमापे आणि प्रत्यक्ष माळावर कोणती माशी येते याची नोंद. केवळ डागाच्या आकारावर नवे नाव देणे थांबवावे आणि केवळ डीएनएच्या साम्यावर जुने नाव पुसणेही.