अभिजात

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषा ठरविले. दुसऱ्या दिवशी ती बातमी वाचून, छाती फुगवून मी पिंपळे सौदागरातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी गेलो आणि रखवालदाराला विचारले, "पानी कब आयेगा?"

"सात बजे, साहब."

मी वळतो न वळतो तोच तो फोनवर आईशी बोलू लागला. मराठवाड्याच्या गोड हेलात!

अभिजात म्हणजे चांगल्या कुळातला. गणवेश पाहून त्याचे कूळ मी परस्परच ठरवून टाकले होते. जवळच्या देहूचे तुकोबा फाटकाशी उभे असते, तरी मी हिंदीतच बोललो असतो. मान भाषेला द्यायचा, की ती बोलणाऱ्याला?

संध्याकाळी विचारले, "दादा, जेवलात का?"

तो दचकून उभा राहिला. "साहेब, काही चुकलं का?"